पितळेचे पेच

"इंजन तो हमने आज तक खोला ही नहीं, बेटी," उस्ताद फोनवर म्हणाले, आणि श्रावस्तीच्या हातातला मापाचा पोलादी ठोकळा टेबलावरच्या कापडावर जरा जोरातच टेकला. गुरुवारची दुपार होती. दिल्लीतल्या ज्या सरकारी प्रयोगशाळेत ती सत्तावीस वर्षं लांबी मोजण्याचं काम करत आली होती, तिथल्या त्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान असे. बाहेर मे महिना चालू आहे हे आत येणाऱ्यांच्या कपाळावरून तेवढं कळायचं. उघडलं नाही म्हणजे काय? नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत बाबांच्या जुन्या फियाटचा पत्रा झाला. रंग दोनदा झाला, कारण पहिला मोतिया बाबांना पिवळट वाटला. सीटा झाल्या, दारांच्या मुठींवर पुन्हा मुलामा चढला, काचांची रबरं कुठूनतरी कोइमतूरहून आली. इंजिनाचं विचारलं की बाबा म्हणायचे, "चाललंय गं. उस्ताद ढिला माणूस आहे." आणि ती नऊ वर्षं गाझियाबादच्या त्या माणसावर, ज्याला ती चार-पाचदाच भेटली होती, मनातल्या मनात चिडत आली होती. इकरामुद्दीन नाव त्यांचं, पण सगळे उस्तादच म्हणत. आता तो ढिला माणूस सांगत होता की शेड या महिन्याअखेर रिकामी करायची आहे, मालक तिथे गोदाम करणार आहे, बाकी गाडी तयार आहे आणि "साहब इंजन को हाथ नहीं लगाने देते. कहते हैं, वो आख़िर में. अब आख़िर आ गया, बेटी." तिने एक क्षणही विचार केला नाही. "खोल दीजिए," ती म्हणाली. "पूरा. मैं शनिवार को आकर देखती हूँ. पापा से मैं बात कर लूँगी."

बात तिने केली ती शनिवारी सकाळी, टॅक्सी मयूर विहारच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडल्यावरच. आधी सांगितलं असतं तर बाबा आले नसते, किंवा आईकडून तिला फोन करवला असता, किंवा नेहमीसारखं काहीच न करता तिला पुढच्या महिन्यावर ढकललं असतं. काशीनाथ एक्याऐंशी वर्षांचे होते. बाविसाव्या वर्षी अमरावतीहून कारकून म्हणून मंत्रालयात आलेले आणि अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. अजूनही घराबाहेर पडताना पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. "इंजिन उघडलंय," तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी पेनला हात लावून ते जागेवर असल्याची खात्री केली. "कोणाला विचारून?" "तुम्हाला विचारलं असतं तर हो म्हणाला असता?" "नाही." "म्हणून." ते खिडकीबाहेर पाहायला लागले. महामार्गावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, एसी असूनही काचेतून ऊन मांडीवर येत होतं. ती चिडली होती. पण ही चीड तिच्या इतकी सवयीची होती की तिची तिलाच ऐकू येत नसे, घरातल्या जुन्या फ्रीजच्या घरघरीसारखी. बाबांशी कुठल्याही गोष्टीवर सरळ बोलता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षं लांबवलं. गाडी नको, तुम्ही आता चालवणार आहात का, म्हटलं की म्हणतात, "पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते, माहीत आहे?" जसं काही प्रश्न नंबरप्लेटचा होता. तिने पर्स उघडून पाहिली. चष्मा, चाव्या, मोजायची पेटी, लाल आणि पांढऱ्या फवाऱ्याचे दोन डबे. अक्षरधामपाशी पुन्हा पाहिली. गाझियाबादचं वळण आलं तेव्हा तिसऱ्यांदा. हे ती नकळत करत असे, आणि पुण्याला शिकायला गेलेली तिची मुलगी रोशनी फोनवर हसून म्हणायची, "मम्मी यार, मलाही लावलीस ना ही सवय. मीपण तीनदा बघते."

गाडी घरी आली ते साल पंच्याऐंशी. श्रावस्ती दहा वर्षांची होती. किदवाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या वेळी दोन गाड्या होत्या, दोन्ही वरच्या मजल्यावरच्या. बाबांच्या मंत्रालयातले एक जॉइंट सेक्रेटरी निवृत्त होऊन डेहराडूनला निघाले होते, आणि जाता जाता त्यांनी आपली फियाट बाबांना दिली. दिली म्हणजे विकली, पण बाबा नेहमी 'दिली' म्हणत. "साहेबांनी स्वतःहून मला विचारलं. बाकी इतके लोक होते ऑफिसात. मला विचारलं." त्या माणसाचं नाव बाबांनी घरात कधी घेतलं नाही, नुसतं साहेब. नागपूर-अमरावतीचे पाहुणे आले की हीच गोष्ट पुन्हा, आई चहा आणेपर्यंत पुरणारी. चौदा एप्रिलला गाडी धुवून, बॉनेटला हार घालून, सगळ्या क्वार्टर्समधल्या आपल्या माणसांची मुलं आळीपाळीने बसवून बाबा पार्लमेंट स्ट्रीटपर्यंत न्यायचे. श्रावस्ती पुढच्या सीटवर. तिचं काम पाण्याच्या दोन कॅन भरून मागे ठेवण्याचं. कारण गाडी तापायची. दर वीस-पंचवीस किलोमीटरला बाबा ती बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, फडक्याने झाकण सैल करायचे, वाफ फुसकन बाहेर यायची, आणि मग सगळ्यांनी झाडाखाली बसायचं. "गाडी तहानलीय," बाबा म्हणायचे. लहानपणी तिला वाटायचं सगळ्याच गाड्या अशा तहानतात. नंतर इतर गाड्या न थांबता पुढे जाताना दिसल्या तेव्हा वाटलं, आपली म्हातारी आहे. ते त्यांच्या घरचं हवामान होतं. पाऊस येतो, गाडी उकळते. हवामानावर कोण चिडतं? आणि बाबा ती कधी कुठल्या मेकॅनिककडे टाकत नसत. "हे लोक बरं असलेलंही बिघडवतात." रविवारी स्वतः चटई टाकून खाली शिरायचे, आणि कोणी शेजारी डोकावला तर लगेच बाहेर यायचे.

उस्तादांची शेड औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती, पत्र्याची, शेजारी पंखे रंगवण्याचा कारखाना, त्यामुळे हवेला गरम रंगाचा वास. आत मधोमध गाडी उभी. मोतिया रंग असा की पत्र्याखालीही चमकत होता; आणि तिच्या पुढच्या भागात बॉनेटखाली नुसती पोकळी. इंजिन बाजूच्या लाकडी ओट्यावर, सगळं सोडवलेलं. झडपा, पिस्टन, साखळी, जुन्या साडीच्या तुकड्यांवर क्रमाने मांडलेले. मधला ओतीव लोखंडाचा ठोकळा, चार भोकांचा, घासून स्वच्छ केलेला. श्रावस्तीला ते बघून आधी बरंच वाटलं. उस्ताद ढिला माणूस नव्हता. सत्तरीचे असतील, दाढी मेंदीची, हात कोपरापर्यंत काळे, आणि प्रत्येक नटाला ते कुठून निघाला त्याची कागदी चिठ्ठी बांधलेली. "आइए साहब," ते बाबांना म्हणाले, आणि कूलरसमोरची एकुलती एक खुर्ची पुढे सरकवली. बाबा बसले. काठी दोन्ही हातांत धरून, एखाद्या ऑफिसात बोलावलं जाण्याची वाट पाहत बसल्यासारखे. इंजिनाकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिने चष्मा बदलला आणि मोजायला सुरुवात केली. हे तिला येत होतं. चारही भोकांमध्ये वर, मध्ये आणि खाली, आधी उभं मग आडवं, काट्याचं माप उतरवत ती गेली. उस्ताद शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा ऐकत होते आणि मान हलवत होते. झीज होती, पण पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनाला शोभेल अशी. भोकं जराशी लंबगोल झालेली. मुख्य दांडा सरळ. वरचा पृष्ठभाग पट्टी लावून पाहिला. पट्टीखालून पातळातली पातळ पाती जाईना. सगळं ठीक होतं, अगदी बिल्कुल ठीक, आणि जसजसं ठीक निघत गेलं तसतशी तिची चीड वाढत गेली. मग तापायचं का? हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला. जगभरच्या प्रयोगशाळांतून आलेली मापं ती तपासत होती, एका केसाच्या शंभराव्या हिश्शावर लोकांशी भांडत होती, आणि स्वतःच्या घरची गाडी का उकळते हे तिने कधी विचारलं नव्हतं. पाणी जातंय म्हणजे कुठूनतरी जातंय. "उस्ताद, इसे उधर की साइड पलटिए," ती म्हणाली. "उधर कुछ नहीं आहे," बाबा मागून म्हणाले. हिंदी आणि मराठी एकत्र झाली, तसं त्यांचं फार क्वचित व्हायचं. "इतक्या लांबून कसं दिसलं तुम्हाला?" तिने मागे न पाहता विचारलं.

उस्तादांनी ठोकळा पलटला. ही बाजू धुराड्याच्या नळ्यांमागे दडलेली असते. तिच्यावर निळा रंग होता, ब्रशने दिलेला, ओघळलेला. तो तिला ओळखता आला. ती सोळा वर्षांची असताना चौदा एप्रिलच्या आदल्या आठवड्यात बाबांनी तो स्वतः दिला होता आणि डबा तिने धरला होता. उस्तादांनी पात्याने तो खरवडला. खाली राखाडी रंग निघाला, जुना, घट्ट. तिने बारीक फटीतही शिरणारा लाल फवारा मारला, तो मुरायला दहा मिनिटं दिली, मग फडक्याने पुसून काढला आणि वरून पांढरा मारला. पांढरी भुकटी वाळली, आणि तिच्यातून हळूहळू, तळहातावरची रेघ उमटावी तशी, लाल ओळ वर आली. वीतभर लांब. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधून खाली उतरत गेलेली. "बाल," उस्ताद हळूच म्हणाले. चिनीमातीच्या कपाला जातो तसा तडा, त्याला ते बाल म्हणत. पण ओळीचा लाल रंग सगळीकडे सारखा नव्हता. वर फिकट, जेमतेम दिसणारा; खालच्या टोकाला इंचभर मात्र ठसठशीत, जखमेसारखा ओला. उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून नाक ठोकळ्याला लावलं. मग पात्याने राखाडी रंगही खरवडायला लागले, आणि राखाडीखालून एकेक करून पिवळे ठिपके निघाले. पितळेचे. तड्याच्या ओळीवर एकाला एक चिकटून बसवलेले बारीक पेच, डोकी कापून सपाट घासलेले. तिने मोजले. सतरा.

"सिलाई है," उस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. "कच्चा लोहा वेल्डिंग नहीं पकड़ता, बेटी. उसको सीते हैं. छेद करो, चूड़ी काटो, पेच कसो, फिर आधा उसको काटता हुआ दूसरा छेद. किसी पुराने कारीगर का हाथ है. किसी ने बिना पानी के दौड़ाई होगी, ब्लॉक फटा, तो सिलवाया." तिच्या डोक्यात रंगांचे थर आपोआप क्रमाने लागले, ते तिच्या पेशाचंच होतं. वर निळा, तो बाबांचा. खाली राखाडी, तो बाबांच्या आधीचा. पेच राखाडीच्याही खाली. म्हणजे साहेबांनी पाण्याविना दामटून इंजिन फोडलं, शिवून घेतलं, वरून रंग फासला आणि मग 'स्वतःहून' बाबांना विचारलं.  आता हे खुर्चीतल्या माणसाला कसं सांगायचं? चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांची छाती फुगत आली ती गोष्ट फसवणुकीची निघाली, हे एक्याऐंशीव्या वर्षी कळण्यापेक्षा न कळलेलं काय वाईट? ठोकळा गेलाय, दुसरा शोधू, एवढंच म्हणावं. ती शब्द जुळवत वळली. आणि बाबांचा चेहरा पाहून थांबली, कारण त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ऑफिसातली फाइल शेवटी टेबलावर आली की माणूस जसा पाहतो तसे ते त्या पिवळ्या ठिपक्यांकडे पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"महिन्याभरात कळलं होतं." त्यांनी घसा साफ केला. "पाणी जायला लागलं. खाली शिरून हात फिरवला. पेच लागले बोटांना."

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार?" बाबा काठीच्या मुठीशी बोलत होते. "तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. साहेबांनी विचारलं ते खरं. खोलीत सहा-सात जण होते. म्हणाले, काशीनाथ, आजकल तो आप ही लोगों का ज़माना है, गाड़ी भी ले लो. सगळे हसले. मी म्हटलं, घेतो सर. मग हसले नाहीत." कूलरचं पाणी आत टपटपत होतं. "परत गेलो असतो, गाडी फुटकी आहे म्हणालो असतो, तर पुन्हा हसले असते. याला गाडी झेपत नाही म्हणाले असते. म्हणून मी ती चालवली. वीस वर्षं चालवली. लोकांनी पाहिली ना?"

लोकांनी पाहिली. तिला त्या क्षणी बाबांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, त्या खोलीतला चाळिशीचा काशीनाथ दिसला, फाइल छातीशी धरून 'घेतो सर' म्हणणारा. आणि त्याच क्षणी ती हिशोब करायला लागली. माहीत होतं. पंच्याऐंशीपासून माहीत होतं. म्हणजे ब्याण्णवमध्येही माहीत होतं. ब्याण्णवचा मे, रविवार, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, तिचं केंद्र मेरठला. आई म्हणत होती, आदल्या दिवशी बसने जा, कोणाकडे तरी राहा. बाबा म्हणाले, "माझी मुलगी परीक्षेला गाडीतून उतरेल." साडेपाचला निघाले. यमुनेच्या पुलावर तिने पिशवी उघडली आणि हॉल तिकीट नव्हतं. घरी अभ्यासाच्या टेबलावर राहिलं होतं. गाडी वळवली, घेतलं, पुन्हा निघाले; पंचवीस मिनिटं. मग मुरादनगरला गाडी उकळली, कालव्याचं पाणी घातलं. मोदीनगरला पुन्हा उकळली आणि तासभर निघेचना. केंद्राच्या फाटकावर पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. सव्वानऊनंतर आत सोडत नव्हते. ती फाटकाच्या गजांना धरून उभी होती. आत सगळी मुलं मान खाली घालून लिहीत होती. पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं तिने तेहेतीस वर्षं मोजली होती. विसरली नसती तर नऊ-पाचला पोचली असती. ती विसरणारी मुलगी आहे. पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म तिने भरलाच नाही. बीएस्सीला नाव घातलं, मग एमएस्सी, मग ही नोकरी, जिथे काहीही तीनदा तपासल्याशिवाय पुढे जात नाही आणि जिथे त्यासाठी तिचं कौतुक होतं. नोकरी वाईट नव्हती. आयुष्य वाईट नव्हतं. पण परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर ती रडत होती, पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, बाबा, माझ्यामुळे झालं, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाची मान, घामाने भिजलेली कॉलर, तिला आत्ता इतकी स्वच्छ दिसली. ती मान वळली नव्हती.

"मुरादनगर आणि मोदीनगर मिळून पंच्याण्णव मिनिटं," ती म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेतला होता, नीट, सपाट. "माझी पंचवीस. तुमची पंच्याण्णव. मी ही वजाबाकी कधी केली नाही, कारण मला वाटायचं गाडी अशीच असते. तुम्हाला माहीत होतं ती उकळणार."

"रात्री दोन्ही कॅन भरल्या होत्या—"

"कॅन मी भरल्या होत्या, बाबा!"

उस्तादांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मराठी त्यांना कळत नव्हती, पण त्यांना मुली होत्या. बाबा काहीतरी म्हणायला गेले, ओठ हलले, आणि मग ते पुन्हा काठीच्या मुठीकडे पाहायला लागले. हेच. हेच ते. ऑपरेशन असो, इंजिन असो, मुलीचं आयुष्य असो, हा माणूस गप्प बसून वेळ काढतो आणि मग वेळच सगळं ठरवून टाकते. "मी रडत होते," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं म्हणत होते. तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतं." बाबा म्हणाले, "मला वाटलं तू विसरशील." तिला हसू आलं, अगदी वाईट हसू. विसरशील! ती? तिने चष्मा काढून ओट्यावर ठेवला आणि शेडबाहेर निघून गेली.

बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. कारखान्याच्या भिंतीला लागून सावलीची हातभर पट्टी होती, त्यात एक कुत्रं आडवं पडलेलं. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. टॅक्सी बोलवावी आणि जावं. बाबांना उस्ताद पोचवतील. फोन काढला, ॲप उघडलं, चार मिनिटांवर गाडी दाखवत होती. अंगठा तिथेच राहिला. तिला आठवलं की त्या दिवशी फाटकावरच्या शिपायाशी बाबा बोलले होते. हात जोडून. मंत्रालयातला माणूस, इस्त्रीचा शर्ट, पेन, आणि एका शिपायापुढे हात जोडून, "मेरी बच्ची है, साहब," शिपायाला साहब म्हणत. हे ती विसरली होती. हे आठवून तिची चीड कमी झाली नाही. उलट आता ती कुठे ठेवावी हेच कळेना. साहेबांवर? तो माणूस कधीच मेला असेल. पन्नासाव्या वर्षी कोणावर चिडायचं, हाही एक वैताग. आतून उस्तादांची हाक आली, "बेटी, ज़रा देखो तो इधर." ती गेली, कारण त्या आवाजात काम होतं, आणि कामाला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं.

उस्तादांनी तड्याचं खालचं टोक आणखी घासलं होतं. सतरावा पेच जिथे संपत होता तिथून पुढे तडा जेमतेम इंचभर गेलेला, आणि लाल रंग फक्त तिथेच ओला होता. "सत्रह पक्के हैं, आज भी," ते म्हणाले. "बाल बाद में थोड़ा आगे बढ़ गया. बस. दो पेच कम हैं." त्यांनी बाबांकडे वळून पाहिलं. "साहब, आपने किसी को दिखाया नहीं? एक दोपहर का काम था. उस ज़माने में मेरठ में, दिल्ली में, कोई भी कर देता."

बाबा उठले. काठी टेकत ओट्यापाशी आले, आणि खिशातला चष्मा काढून, वाकून, पहिल्यांदा त्यांनी ती जागा नीट पाहिली. "दो?" त्यांनी विचारलं. "दो," उस्ताद म्हणाले. बाबांचा हात त्या ठिपक्यांवरून फिरला, बोटांनी मोजत शेवटच्या पेचापर्यंत आला आणि तिथे थांबला. दाखवलं असतं तर कोणीतरी पाहिलं असतं की काशीनाथची गाडी फुटकी आहे. एवढंच. श्रावस्तीला ओरडावंसं वाटलं, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "आज होईल का, उस्ताद?"

झालं. उस्तादांनी हातड्रिलने पहिलं भोक पाडलं, तेलाचे थेंब सोडत आटे पाडले, पितळी पेच कसला, डोकं करवतीने कापलं. दुसऱ्याच्या वेळी जागा तिने आखून दिली, पेचाचा अर्धा भाग आधीच्याला छेदेल अशी, आणि उस्ताद म्हणाले, "हाँ, मशीन जैसी नज़र है," ते तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला. आईने दिलेला डबा मध्येच तिघांनी उभ्याउभ्या खाल्ला, पोळी आणि वांग्याची भाजी. मग ठोकळ्याची पाण्याची तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, आत पाणी भरलं, हवेची नळी जोडली. उस्तादांनी कॉम्प्रेसर सुरू केला तशी सगळी शेड धडधडायला लागली. दाबाच्या घड्याळाचा काटा दोनवर आला तेव्हा झडप बंद केली. काटा अर्धा तास तिथेच राहिला तर ब्लॉक वाचला. कॉम्प्रेसर आपली टाकी भरत तसाच चालू राहिला. ती काट्यासमोर स्टूल घेऊन बसली. पाच मिनिटं. बारा. काटा हलला नाही, तड्यावर थेंब आला नाही. पिवळे ठिपके आता एकोणीस होते, शेवटचे दोन नवे, सोन्यासारखे.

केव्हातरी बाबा तिच्यामागे येऊन उभे राहिले. ती वळली नाही.

"श्रावस्ती," ते म्हणाले. मशीनच्या आवाजात आवाज बारीक, कापरा. "त्या दिवशी तुझी चूक नव्हती. मला माहीत होतं गाडी उकळणार. माझी चूक होती."

ती काट्याकडे पाहत राहिली. काचेत बाबांचा शर्ट पांढरा डाग होऊन दिसत होता. "ऐकू नाही आलं, बाबा," ती म्हणाली.

 तिला वाटलं, आता जातील, खुर्चीत जाऊन बसतील. मग त्यांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली, एक हात ठोकळ्यावर ठेवला आणि श्वास भरून घेतला. "त्या दिवशी तुझी चूक नव्हती!" ते ओरडले. नेमकी त्याच वेळी टाकी भरली आणि कॉम्प्रेसर खटकन बंद पडला. पुढचे शब्द मोकळ्या शेडमध्ये पत्र्यावर आपटून परत आले. "माझी होती! मी तुला सांगितलं नाही!" दारातल्या उस्तादांनी मान वर केली. कुत्रंही उठून बसलं. बाबांचा चेहरा लाल झाला होता, आणि ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे आवाज चढवला नव्हता तो स्वतःच्या आवाजाने दचकून इकडेतिकडे पाहत होता.

"आता आलं?" त्यांनी हळू विचारलं.

"आलं," ती म्हणाली, आणि सरकून त्यांना स्टुलावर जागा करून दिली.

पहिल्यांदाही आलं होतं. पण तेहेतीस वर्षांनी तिला ते दोनदा ऐकायचं होतं.